रितं झालेलं मडकं

फार मागे, वसईच्या वाड्यांना रहाट पाणी पाजत होते तेव्हाची ही गोष्ट. चर्चच्या मागे इनासबाबाची केळीची बाग होती. तिथल्या रहाटाला बांधलेली मडकी विहिरीत उतरायची, भरून वर यायची आणि पाटात ओतून पुन्हा खाली जायची.

त्यातलं एक मडकं मोठं भाविक होतं. विहिरीच्या गारव्यात त्याला प्रभूजवळ बसल्यासारखं वाटे. वर मात्र ऊन, चिखल आणि बैलाची धूळ. म्हणून ते ओततानाही निम्मं पाणी पोटात राखून ठेवायचं. एके दिवशी त्याने विहिरीच्या कपारीत गळाच अडकवला.

"आता मी इथेच प्रार्थना करत राहणार," ते म्हणालं.

रहाट थांबला. बैल थांबला. वर ताटकळलेलं म्हातारं मडकं खाली वाकून म्हणालं, "बाळा, केळींनी माना टाकल्यात."

"त्यांचं प्रभू बघेल."

"बघतोच आहे. म्हणून तर त्याने तुला भरलं."

मग भाविक मडक्याने हळूच गळा सोडवला. रहाट करकरला, मडकं वर आलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाटात रितं झालं. तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. निम्म्या भरल्या पोटाने ती त्याला आजवर जेमतेम ऐकू यायची. आज रिकाम्या पोटात ती अशी घुमली, की मडकं अंगभर थरारलं.

घंटा थांबली तशी त्याला तहान लागली, आणि ते खुशीत पुन्हा खाली निघालं.