नवा एक्सल आणि आतला तुकडा

डोंगराला गाड्यांची बोली समजे, तेव्हाची गोष्ट. वरच्या तहानलेल्या वाडीला पाणी नेणारी जीप एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटून धुक्यात उभी होती. मेस्त्रींनी दूरदेशी घडलेला नवा एक्सल आणला, पण नळीसारख्या घरात सरकवताना तो बोटभर बाहेरच राहिला.

"माप चुकलंय तुझं," चाक म्हणाले.

"माझं नाही. हे घरच जुनाट आहे," म्हणत नवा एक्सल जोर लावू लागला.

आतल्या अंधारातून क्षीण आवाज आला, "बाळा, जोर नको. मी जुना एक्सल. तुटलो, पण माझं टोक अजून आतल्या चक्राच्या दात्यांत अडकलंय. आधी मला निघू दे."

नवा ओशाळून मागे सरला. मेस्त्रींनी लोहचुंबकाने तो तुकडा हळूच बाहेर ओढला.

"आजोबा, चढ कुठे अवघड आहे?" नव्याने विचारले.

मग नवा एक्सल सहज आत बसला. धुक्यातून जीप वर निघाली, आणि मेस्त्रींनी पुढच्या काचेपाशी ठेवलेला जुना तुकडा त्याला वाट सांगत राहिला.