अर्धा राजा झिपऱ्याच्या तोंडात

एका राज्यात, जिथे साळुंक्या सल्ला देत आणि तो ऐकलाही जाई, तिथे सुकेतू नावाचा राजा होता. त्याची नदी एका चेटकिणीने निळ्या गुहेत कोंडून ठेवली. ती सोडवायला राजानेच जायला हवं होतं. पण गुहेचं दार उघडेल तो आपलं नावगाव, घरदार सगळं विसरेल, असा तिचा शाप.

राजवाड्यातली म्हातारी साळुंकी म्हणाली, "महाराज, पायांतले जोडे सिंहासनावर ठेवून जा. जोडी एका जागी राहिली आणि तिच्यात तुमचा मागमूस राहिला, तर पौर्णिमेला दिवस मावळताना तीच तुम्हाला ओढून आणेल. नाहीतर जन्मभर भटकाल."

राजाने जोडे काढले. प्रधान गदाधराला म्हणाला, "मी येईतो हे जोडे म्हणजेच मी."

"आज्ञा, महाराज."

राजा अनवाणी निघाला. त्याचा लाडका कुत्रा झिपऱ्या वेशीपर्यंत मागे धावला, तेव्हा प्रधानाने त्याला साखळी घालून ओढत परत आणलं.

आणि तिथून जे सुरू झालं ते काही विचारू नका! आधी झिपऱ्याने साखळी तोडून राजाची उशी पळवली. दरबारभर कापूसच कापूस. मग राजाचा शेला नेला. आणि तिसऱ्या खेपेला मेल्याने सिंहासनावरच उडी मारली आणि डावा जोडा तोंडात धरून पोबारा केला.

शिपाई काठ्या घेऊन धावले आणि मध्येच थबकले. जोडा म्हणजे राजा. मग जोडा धरलेलं कुत्रं म्हणजे कोण? त्याला काठी मारली तर ती कुणाला लागली म्हणायची? एकाने घाबरून मुजरा केला, तो पाहून बाकीच्यांनीही केला. मुजरे घेत झिपऱ्या ऐटीत बागेत गेला आणि केळींमागे खणलेल्या खड्ड्यात जोड्यावर बसला.

प्रधानाचं डोकं चालेना. अर्धा राजा सिंहासनावर, अर्धा खड्ड्यात! दरबार भरला की मानकरी एकदा इकडे वाकत, एकदा खिडकीतून केळींकडे वाकत. न्याय मागायला आलेला माणूस तर सगळ्यांना पाठमोरं बघून तसाच घरी गेला.

पौर्णिमा उजाडली. कोरड्या पात्रात पाणी खळखळत आलं. लोक नाचू लागले, पण प्रधान बागेकडे धावला. राजाने दार उघडलं होतं. म्हणजे तो आपल्याला विसरलाही होता!

प्रधानाने झिपऱ्यापुढे मटणाचं ताट ठेवलं. झिपऱ्याने मटण फस्त केलं, जोडा सोडला नाही. मग राजमुद्रेचा हुकूम वाचला. झिपऱ्याने जांभई दिली. शेवटी प्रधानाने लाजलज्जा गुंडाळून राजाचा अंगरखा चढवला आणि राजाच्या आवाजात हाक घातली, "यू यू, झिपऱ्या!"

झिपऱ्या जोडा तोंडात उचलून तीरासारखा आला. अंगरखा हुंगला. तो परटाकडून नुकताच धुऊन आलेला. झिपऱ्याचे कान पडले. तो मुकाट्याने खड्ड्यात परतला आणि विव्हळू लागला.

"अरे, माझाही राजा गेलाय रे," तो म्हणाला आणि मटकन खड्ड्याच्या काठावर बसला. आत उशी, शेला, जोडा. राजाच्या वासाचं तेवढं सगळं गोळा केलेलं.

वासाचं! प्रधान धडपडत सिंहासनाकडे धावला. उजवा जोडा नाकाशी धरला. केवडा, चंदन, गुलाबपाणी! रोज सकाळी त्यानेच जोड्याला अभिषेक घालायला लावला होता. भक्तीच्या भरात त्याने राजाच धुऊन काढला होता!

जोडा उराशी धरून तो बागेकडे निघाला.

"प्रधानजी, राजाला खड्ड्यात ठेवता?" साळुंकीने विचारलं.

"मला काही कळत नाही, बाई. पण सिंहासनावर तो नाही, एवढं कळलं."

झिपऱ्याने तो सुगंधी जोडा हुंगला आणि नाकाने दूर ढकलला. दिवस कलला होता. प्रधान स्वतःच खड्ड्यात उतरला. जोडा मातीत लोळवला, शेल्यावर घासला, उशीत खुपसला. झिपऱ्याने पुन्हा हुंगला, चाटला आणि दोन्ही जोडे पोटाखाली घेतले.

सूर्य टेकला. माती हलली आणि रताळं उपटावं तसा राजा खड्ड्यातून वर आला. प्रधानाकडे बघून म्हणाला, "आपण कोण?"

प्रधानाचे डोळे भरून आले. तेवढ्यात झिपऱ्याने राजाच्या छातीवर उडी घेतली आणि त्याचं तोंड चाटून काढलं.

"अरे हो, हो, पुरे झिपऱ्या! गदाधर, आवरा ह्याला! आणि तुम्ही चिखलात काय करताय?"

शाप सुटला. नदी भरून वाहू लागली, दरबार पुन्हा एकाच दिशेला वाकू लागला.

पण त्याआधी, तिथेच केळींपाशी, राजाने जोडे पायात घातले. डाव्याची टाच गायब.

"हा कुणी चावला?" राजा गरजला.

झिपऱ्या शेपूट घालून प्रधानाच्या धोतरामागे दडला. प्रधानाने घसा खाकरला.

"मी, महाराज."

राजाने पुढे काही विचारलं नाही. आपणही विचारू नये.