शाळेच्या उंबऱ्याआतलं आंदोलन

ज्या वाडीत वीसपेक्षा कमी पोरं, तिथली शाळा बंद, असं राजा उदेभानानं ठरवलं. कारण फार थोर होतं. एवढ्याशा पोरांनी शिकून राज्याचं असं काय भलं होणार? बोरखळच्या शाळेत अकरा पोरं होती. त्यांनी रोज नदी ओलांडून तीन कोस चालावं, त्यानं पाय मजबूत होतात, असं प्रधान रंगोपंतांचं मत होतं. रंगोपंत स्वतः पालखीतून फिरत.

बोरखळची बाई म्हणजे सगुणाक्का, माझी थोरली बहीण. राज्यातल्या शिक्षकांच्या संघटनेची पुढारीही तीच. गेली म्हणून तिचं चांगलं सांगतोय असं नाही. होती तेव्हाही ती अशीच चिवट होती. या शाळांसाठी ती पाचव्यांदा दरबारात गेली.

"आलीस पुन्हा?" राजा म्हणाला. "आता संप करणार असशील."

"नाही महाराज. संपात पोरांचा अभ्यास बुडतो."

राजाला तिची गंमत करायची लहर आली. "मग असं कर. आठ दिवसांत माझं राज्य अडवून दाखव. जमलं तर एकही शाळा बंद होणार नाही. नाही जमलं तर सगळ्या बंद, आणि पहिली तुझी."

रंगोपंतांना वाटलं, ही बाई मोर्चा आणेल. ते पुढे झाले. "शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत एकाही शिक्षकानं शाळेचा उंबरा ओलांडायचा नाही. सुटल्यावर थेट घरी. चौकात थांबायचंसुद्धा नाही."

"कुठल्याही कामासाठी नाही?" अक्कानं विचारलं.

"कुठल्याही."

"मग तेवढं लिहून द्या, शिक्क्यासह. गावोगाव लावायला बरं पडेल."

दरबार हसला. शिक्का उमटला.

दुसऱ्या दिवसापासून शेळ्यामेंढ्यांची मोजणी होती. ती दरसाल शिक्षकच करत. अंमलदार बोलवायला आले, तर शिक्षकांनी त्यांना फर्मान दाखवलं आणि ते फळ्याकडे वळले. धान्यवाटपाच्या याद्या कोऱ्या राहिल्या. देवीची लस टोचणारे वैद्य सुया घेऊन पारावर बसले, कारण घरोघर जाऊन माणसं गोळा करायची तीही शिक्षकांनीच. शेवटी रंगोपंत स्वतः मोजणीला उतरले. एकच काळी शेळी त्यांनी चार वेळा मोजली आणि राज्याची भरभराट झाल्याचं कळवलं.

सहाव्या दिवशी राजाचा वाढदिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोरं उभी करणारं, स्वागतगीत बसवणारं, महाराजांच्या शौर्यावर भाषण लिहिणारं कोणीच नव्हतं. पोरं वर्गात शिकत होती. राजा हत्तीवरून रिकाम्या रस्त्यानं गेला. एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "कोण गं गेलं हे?"

आठव्या दिवशी दुपारी राजा बोरखळला आला. अक्का भागाकार शिकवत होती.

"बाई, बाहेर ये."

"मला येता येत नाही, महाराज. आपलंच फर्मान आहे. आपण आत या. जोडे बाहेर काढा."

भागाकार संपेपर्यंत राजा शेवटच्या रांगेत मांडी घालून बसला. मग म्हणाला, "राज्य अडवलंस की गं."

"आम्ही कुठं काय केलं? आठ दिवस नुसतं शिकवलं. आमच्यातल्या कित्येकांना ते नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच जमलं."

राजाला हसू आवरेना. "हरलो. शाळा राहतील. वर काय हवं ते माग."

"हे फर्मान कायमचं करा."

"कायमचं? मग माझ्या मोजण्या, याद्या, मिरवणुका कोण बघणार?"

"माणसं नेमा. लिहिता-मोजता येणारी हजारभर पोरं घरी बसलीत, आमच्याच शाळांत शिकलेली. वाड्यांवरच्या शाळा बंद केल्या असत्यात, तर वीस वर्षांनी अख्ख्या राज्यात मोजता येणारं एकही माणूस उरलं नसतं. मग आपले रंगोपंतच सगळ्यांत हुशार ठरले असते."

राजा इतका हसला, की अकरा पोरंही हसायला लागली. रंगोपंत दाराशी उभे होते. तेही हसले. त्यांना अर्थ कळला नव्हता.

फर्मान कायमचं झालं, आणि बोरखळच्या अकरा पोरांना राजानं आणखी एक शिक्षक दिला.