पहिल्या देवळाची जवळची वाट

“…पण आपलं देऊळ चौथंच का? चौथं ठरवलं कुणी?”

हा प्रश्न तोमोयासुने सहा वर्षांत इतक्यांदा विचारला होता, की त्याच्या गुरूंनी मोजणंही सोडून दिलं होतं.

म्हातारे सुकेहिरा देवळामागे बसून एक जुना खांब फोडत होते. खांबाची लांब फळकुटं काढायची, त्यांना खाली टोक करायचं, की झाले खुंट. महिनाभर त्यांचा हाच उद्योग चालला होता.

“सुभेदारांनी ठरवलं,” ते म्हणाले.

“कुठल्या?”

“मेलेल्या.”

जपानच्या त्या डोंगराळ प्रांतात तशी रीतच होती. नवा सुभेदार आला की कामाला हात घालण्याआधी तो देवांच्या भेटीला निघे, आणि तेही क्रमाने. आधी पहिलं देऊळ, मग दुसरं, मग तिसरं. चौथ्यापर्यंत येईतो साहेबांचे पाय भरून येत. मग एखादा कारकून चढण चढून येई, सुभेदारांच्या नावाने वाकून दोन टाळ्या वाजवी आणि लगेच सावली शोधू लागे.

तोमोयासुला हे सगळं झोंबायचं. तो मूळचा पहिल्या देवळाचा, तिथल्या मुख्य पुजाऱ्याचा धाकटा मुलगा. इथे त्याला सुकेहिरांच्या हाताखाली पाठवलं होतं, पुढेमागे त्यांची जागा चालवायला. वर्षाच्या सभेत सगळे पुजारी देवळांच्या क्रमाने बसत. त्याचा थोरला भाऊ मासाताका पुढच्या चटईवर, सुभेदारांच्या शेजारी. गुरुजींना आता उतरणं होत नसे, म्हणून त्यांच्या जागी तोमोयासु बसे. दाराशी, चपलांपाशी. भाऊ वळून कधी बघत नसे. त्याचं त्याला फार वाईट वाटे.

आज मात्र संधी होती. नवे सुभेदार देवळांची यादी नव्याने लिहवून घेणार होते. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने आज कारकुनाच्या हाती अर्ज द्यायचा. उद्या यादी बंद. मग पुढची तीस वर्षं तिला कुणी हात लावणार नव्हतं. तीस वर्षांनी तोमोयासु साठीला टेकला असता, तिथेच, चपलांपाशी.

म्हणून आपल्या देवळाला तिसरा क्रम मागणारा अर्ज त्याने लिहिला होता. कागद उंची, अक्षर मोत्यासारखं. फक्त गुरुजींचा शिक्का बाकी होता.

गुरुजींनी कुऱ्हाड खाली ठेवली. कागद डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला.

“देव या प्रांतात आधी आपल्या डोंगरावर उतरला, असं लिहिलंयस.”

“हो.”

“कुणी पाहिलं?”

“दुसरीकडे उतरला, हे तरी कुणी पाहिलंय?”

गुरुजींना हसू आलं. ते त्यांनी लपवलंही नाही.

“आपण तिसरे झालो, तर तिसऱ्या देवळाचं काय होईल?”

“ते चौथं होईल.”

“म्हणजे हिदेकाने दाराशी बसणार.”

हिदेकाने म्हणजे तिसऱ्या देवळाचे पुजारी. दम्याने बेजार झालेला माणूस, वारा लागला की रात्रभर खोकत बसे.

“बसू दे की! मी नाही बसलो सहा वर्षं?”

बोलून गेला, आणि त्याचे शब्द त्यालाच बरे वाटले नाहीत.

गुरुजींनी अर्ज घडी घालून परत त्याच्या हातात दिला.

“शिक्का उमटवता ना, गुरुजी?”

“उमटवतो. आधी एवढं एक काम उरकू.” त्यांनी तयार खुंटांतला एक उचलून त्याच्या खांद्यावर दिला. “हा शेवटचा खड्डा राहिलाय.”

तोमोयासुने अर्ज अंगरख्याच्या दुमडीत खोचला आणि तो गुरुजींच्या मागून चालू लागला. दरीतून ढोलाचा आवाज येत होता. कारकुनाची स्वारी निघाली होती.

देवळामागचा उतार हिनोकीच्या झाडांनी भरलेला होता. सरळसोट वाढणारी, देवळांच्या खांबांसाठीच राखलेली झाडं. मध्ये एक ताजा बुंधा होता, चार माणसं वर मांडी घालून बसतील एवढा. ते झाड शरदात तोडून पहिल्या देवळाकडे नेलं होतं.

त्या प्रांतातली ही दुसरी रीत. दर वीस वर्षांनी पहिलं देऊळ नव्याने उभं राही. त्याचे उतरवलेले खांब दुसऱ्याला जात, दुसऱ्याचे तिसऱ्याला, तिसऱ्याचे चौथ्याला. दर वेळी कुजकं टोक कापावं लागे. त्यामुळे चौथं देऊळ इतकं बुटकं, की आत शिरताना भलेभले कपाळ आपटून घेत.

“बघा ना,” तोमोयासु बुंध्याकडे बघून म्हणाला, “झाड आपलं. आणि आपल्या वाट्याला काय, तर तिघांनी वापरून टाकलेले खांब!”

“धर,” गुरुजी म्हणाले.

खड्ड्यात हिनोकीचं रोप होतं. वीतभर, वाऱ्याने एका अंगाला कललेलं. तोमोयासुने गुडघे टेकून ते दोन बोटांत सरळ धरलं. गुरुजींनी शेजारी खुंट ठोकायला सुरुवात केली. दोन घाव, मग दम. पुन्हा दोन घाव.

खुंट त्याच्या नाकासमोर होता. त्यावर खाचा दिसल्या. आधी एक खाच. तिच्याखाली दोन, मग तीन, मग चार. पहिल्या खाचा जुन्या, झिजलेल्या.

“हे काय?”

“सुतारांची खूण. खांब ज्या देवळात उभा राहील, त्याचा क्रम कोरतात.”

“म्हणजे हा खांब…”

“तुझ्या आजोबांच्याही आधी पहिल्या देवळात उभा होता. जिथे मासाताका बसतो ना, त्याच्या मागेच.”

तोमोयासुने एका खाचेवरून अंगठा फिरवला. वीस वर्षं सुभेदार त्या खांबासमोर वाकले असतील. मग तो उतरला. पुन्हा उतरला. तिसऱ्यांदा उतरून या डोंगरावर आला. आणि आता…

“पाचवी खाच नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“हा आता कितवा?”

गुरुजींनी शेवटचा घाव घातला आणि कमरेची दोरी चाचपली. दोरी संपली होती. ते बुंध्यावर जाऊन निवांत बसले.

वारा आला. तोमोयासुने रोप घट्ट धरलं. सोडलं की ते पुन्हा कलणार, हे दिसतच होतं. खाली ढोल जवळ येत होता.

“गुरुजी, खालून दोरी आणू?”

“आण की.”

“मग हे कोण धरेल?”

गुरुजींनी बाहीतून शिक्का काढून शेजारी बुंध्यावर ठेवला.

तोमोयासु तसाच रोप धरून बसून राहिला. गुडघे ओले झाले. त्याची नजर पुन्हा पुन्हा त्या ताज्या बुंध्याकडे जात होती.

“ते झाड किती वर्षांचं होतं?”

“दोनशे आणि काही.”

“लावलं कुणी?”

“इथलाच कुणी तरी. नाव लिहिलेलं नाही.”

इथलाच. म्हणजे तोही सभेत दाराशी बसला असणार. चपलांपाशी, वाऱ्यात. आणि परत येऊन, असाच गुडघे टेकून, त्याने ते वीतभर रोप सरळ धरलं असणार. त्या माणसाविषयी तोमोयासुला एकदम माया दाटून आली. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला इथे एकटं वाटलं नाही.

“आणि हे कुठे जाईल?” त्याने बोटांतल्या रोपाकडे पाहत विचारलं.

“पहिल्या देवळात. तोवर तिथे कोण बसेल, देव जाणे.”

ढोल आता देवळाच्या कमानीपाशी पोचला होता. शिक्का उमटवून घ्यायला अजून वेळ होता. धावत गेला असता तर नक्की होता.

तोमोयासुने मोकळ्या हाताने दुमडीतून अर्ज काढला. एकदा पाहिला. अक्षर खरंच मोत्यासारखं होतं. मग एक कड दातांत धरून त्याने कागदाच्या लांब पट्ट्या फाडल्या, मांडीवर ठेवून तळहाताने पीळ दिला, एकीत दुसरी गुंफली. चांगली चिवट दोरी झाली. त्याने रोप त्या खुंटाला बांधलं, दाटून नव्हे, वाढायला जागा ठेवून.

मग हळूच बोटं काढून घेतली.

रोप सरळ उभं राहिलं. तोमोयासुला हसूच फुटलं.

गुरुजींनी बाहीतून काढून ठेवलेला शिक्का परत बाहीत टाकला.

दोघे खाली आले, तेव्हा कारकून कपाळ चोळत देवळातून बाहेर पडत होता. चौकट त्यालाही लागली होती.

“सुभेदारांच्या नावाने नमस्कार झाला,” तो धापा टाकत म्हणाला. “काही अर्ज आहे का? उद्या यादी बंद होईल.”

“नाही,” तोमोयासु म्हणाला. “चौथंच लिहा.”

त्याचं त्यालाच नवल वाटलं.

कारकुनाने लिहिलं, शाई फुंकरली, कागद गुंडाळला.

“सुभेदार मुक्कामाला पहिल्या देवळातच परत गेलेत. मला दिवस मावळायच्या आत तिथे पोचायचंय.” त्याने थकून डोंगराकडे पाहिलं. “पहिल्या देवळाची जवळची वाट कुठली हो?”

तोमोयासुने दरीतल्या रस्त्याकडे हात केला. पण गुरुजींचा हात आधीच वर गेला होता, देवळामागच्या उताराकडे.

“ती तिकडून. पण जरा खाली बघून चाला… अजून वीतभरच आहे.”