देवाला धूर, सम्राटाला भूक

सम्राट टर्बिलसला देव व्हायचं होतं, पण मरायचं नव्हतं!

आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, असं आपण नुसतं म्हणतो. रोममध्ये तसा रिवाजच होता. सम्राट मेला की चिता पेटवायची आणि पिंजऱ्यातला गरुड सोडायचा. गरुड त्याचा आत्मा घेऊन आकाशात गेला, की सम्राट झाला देव! जिवंतपणी ज्याला लोक शिव्या देत, त्यालाच मग नवस बोलत.

टर्बिलसला तेवढा दम नव्हता. त्यानं गरुड सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सिलोला बोलावलं.

“उद्या मला देव कर. जिवंतपणी!”

“महाराज, असं आजवर कधी—”

“नाही केलंस, तर परवा तू सिंहाच्या पिंजऱ्यात!”

सिलो घरी येऊन ढसाढसा रडला. त्याची मुलगी फेलिकुला म्हणाली, “बाबा, डोळे पुसा. देवच करायचाय ना? करू की!”

दुसऱ्या दिवशी तिनं सम्राटाला देवळापुढच्या उंच चौथऱ्यावर बसवलं, समोर गवताची खोटी चिता पेटवली आणि गरुड सोडला. लोक ओरडले, “देव! देव!” मागे भालेवाले शिपाई उभे असले, की भक्ती आपोआप येते.

टर्बिलस खूश! तेवढ्यात नव्या देवाच्या नावानं बोकड भाजायला घेतले. खमंग वास सुटला आणि देवाच्या तोंडाला पाणी सुटलं.

“एक तंगडी इकडे आणा!”

“छे छे, देवा!” फेलिकुलानं कान पकडले. “देवाला फक्त धूर. मांस माणसांनी खायचं. पूर्वापार चालत आलंय. विचारा पुजारीबुवांना!”

पुजारीबुवांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी जोरजोरात मान हलवली.

दुपार टळली. धुरानं देवाचे डोळे लाल झाले. एक आजीबाई पायाशी येऊन म्हणाली, “देवा, गुडघं लई दुखत्यात. बघ बाबा कायतरी!” आणि खाली पंगतीत, खुद्द सम्राटाच्या आसनावर, त्याचा पुतण्या ऐसपैस बसला होता.

“काका आता देव झाले,” तो तंगडी फोडत म्हणाला. “राज्याची दगदग त्यांना कशाला?”

आता मात्र टर्बिलसचा धीर सुटला.

“पोरी, मला ताबडतोब परत माणूस कर!”

“म्हणजे आत्ता आपण देव आहात?”

“मूर्ख! मी कसला दे—”

सम्राट अडखळला. देव नाही म्हणावं, तर सकाळपासून साऱ्या रोमदेखत धूर खात बसलेला वेडा ठरणार! देव आहे म्हणावं, तर सिलो सुटणार. आणि तिकडे बोकड संपत चाललेले!

“आहे! आहे मी देव!”

“मग माझ्या बाबांनी हुकूम पाळला. सिंहाला दुसरं काहीतरी खायला घाला!” तिनं पदराआडून भाजलेली तंगडी पुढे केली. “आणि माणूस व्हायला कितीसा वेळ लागतोय? चावा!”

सम्राटानं लचका तोडला आणि ठसका लागेपर्यंत हसला. चौथऱ्यावरून उतरून त्यानं आधी पुतण्याला कान धरून उठवलं.

“सिलोला ऑलिव्हची बाग द्या! आणि या पोरीला रोज माझ्या पंगतीला बसवा!”

“आणि आपलं देवपण, महाराज?” पुजारीबुवांनी विचारलं.

“ते मेल्यावर बघू! आधी मीठ आणा!”