ज्याचं तेल त्याच्या घरी

एका गावात बस्त्याव नावाचा एक भोळा माणूस होता. चर्चची झाडलोट करायचा, घंटा वाजवायचा. सांगितलेलं कधी विसरायचा नाही. तीच पंचाईत होती.

त्याच गावात कोंसूबाय नावाची म्हातारी अंथरुणाला खिळली होती. तिला एकच घोर. फादरांनी कपाळाला पवित्र तेल लावल्याशिवाय आपल्याला मरण येऊ नये.

ईस्टरच्या आधी बिशपांकडून नवी तेलं आली. एका बाटलीत आजाऱ्यांना लावायचं तेल, दुसरीत बाळांच्या बाप्तिस्म्याचं. फादर लोरेन्स म्हणाले, "बस्त्याव, जुनं तेल दिव्यात घालून जाळ."

"जुनं ते जाळायचं," बस्त्याव म्हणाला.

त्याने तेल जाळलं. दुसऱ्या दिवशी फादरांचा जुना झगा जाळला.

"अरे बाबा, जुनं म्हणून नाही जाळत. त्या तेलावर आशीर्वाद होता, म्हणून."

"आशीर्वादाचं ते जाळायचं."

रविवारी फादरांनी मिंगूच्या नव्या बैलगाडीला आशीर्वाद दिला. वळून बघतात तर बस्त्याव चाकांखाली पेंढा रचतोय. मिंगूने काडेपेटी हिसकावली.

"आशीर्वादाचं ते जपायचं असतं रे," फादर म्हणाले. "कपाटात, कुलूप लावून."

मग एक लग्न लागलं. फादरांनी जोडप्याला आशीर्वाद दिला. बाहेर बँड वाजतोय, वऱ्हाड ताटकळलंय, आणि नवरा-नवरी कुठेच नाहीत. शेवटी झग्यांच्या कपाटातून नवरीचा आवाज आला, "अहो, जरा सरका की."

फादरांनी कुलूप काढलं. "माणसं कोंडतोस? आशीर्वाद झाला की ज्याचं त्याला घरी पाठवायचं."

"ज्याचं त्याच्या घरी," बस्त्याव म्हणाला.

काही दिवसांनी कोंसूबायचा मुलगा धावत आला. "फादर, आई तेल मागतेय. सकाळपासून एकच धोशा."

फादरांनी कपाट उघडलं. आजाऱ्यांच्या तेलाची बाटली गायब.

"बस्त्याव, आजाऱ्यांचं तेल?"

"आजाऱ्यांच्या घरी. कोंसूबायला दिलं."

फादर तसेच धावले, मागोमाग बस्त्याव. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर ताटली.

"आलात? बस्त्यावने दिलं त्या तेलात सुनेने बोंबील तळले. किती दिवसांनी तोंडाला चव आली. अजून आहे का थोडं?"

"कोंसूबाय, ते तुझ्या कपाळाला लावायचं होतं गं."

म्हातारीने ताटली खाली ठेवली. डोळे भरले. "म्हणजे मी आता तशीच जायची?"

"तशी नाही जाऊ देत तुला," फादर म्हणाले. त्यांनी सुनेकडून वाटीत घरातलंच तेल मागून घेतलं, त्याला आशीर्वाद दिला आणि म्हातारीच्या कपाळाला, तळहातांना लावलं. म्हातारी शांत झाली. अर्धा बोंबील उरला होता, तो तिने खाल्ला.

बाहेर आल्यावर फादरांनी विचारलं, "बस्त्याव, बाप्तिस्म्याची बाटली तरी जागेवर आहे ना?"

"आहे की, फादर. मिंगूच्या बाळाच्या घरी. रोज मालीश चालते. बाळ कसं गुबगुबीत झालंय बघा."