नळग्रामच्या गाड्या

फार पूर्वी कनकावती नगरीत राजा विजितसेन राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नगरीपासून दिवसभराच्या चालीवर असलेल्या नळग्रामात ग्रामणीच्या, म्हणजे गावाच्या पुढाऱ्याच्या, कुळात जन्मले होते. त्यांचे नाव सुदर्श. नळग्रामची माणसे नदीकाठचा बोरू कापीत, चटया विणीत, आणि थोडीफार भाताची शेती करीत. बाप गेल्यावर गावाची राखण आणि गावाचा न्याय सुदर्शांकडे आला, आणि तो त्यांनी आवाज न चढवता सांभाळला.

त्यांच्या कारकिर्दीत एकदा पाऊस लागोपाठ दोनदा रुसला. नदी डबक्यांपुरती उरली, बोरू वाळून गेला, आणि गावातली पोरे खेळायची थांबली. सोणा नावाची विणकरीण होती. तिचा नवरा तापाने गेला होता, पदरात पाटला नावाची एकच मुलगी होती. पाटला आताशा खायला मागत नसे, आणि सोणाला त्याचीच धास्ती वाटे. पोर मागते तोवर आईला राग तरी येतो; मागेनाशी झाली की आई तिचा श्वास मोजू लागते. रोज सकाळी डोळे उघडण्याआधी तिचा हात मुलीच्या पोटावर जाई, आणि ते पोट वरखाली होताना जाणवले की मगच तिचा दिवस सुरू होई.

अशा दिवसांत कनकावतीचा श्रेष्ठी श्रीवर्धन याच्या गाड्या गावात आल्या. दंडक नावाचा त्याचा कारभारी गावसभेपुढे हात जोडून म्हणाला, "श्रेष्ठींना तुमच्या लेकरांची दया आली आहे. मेघ येईपर्यंत ती आमच्या उपवनात राहतील, दोन्ही वेळा जेवतील. जे घर लेकरू देईल त्या घराला धान्यही पोचेल."

सभेत हुंदके फुटले. सोणाने तर तिथल्या तिथे पाटलाला पुढे केले.

नळग्रामात एक जुनी रीत होती. टंचाईच्या वर्षी कोणी काही दिले, तर घेणाऱ्याने डोळे मिटून ओंजळ पुढे करायची. किती दिले, कसे दिले हे पाहायचे नाही. पाहणे म्हणजे दात्याचा अपमान. ही रीत घेणाऱ्याची लाज झाकण्यासाठी कोणा शहाण्याने घातली असावी, आणि तिने पुष्कळांची लाज राखलीही होती. त्या दिवशी मात्र गावाने तीच रीत पोरांच्या बाबतीत लावली. सगळ्यांनी डोळे मिटले. कोणीही काही विचारले नाही.

विचारले ते ग्रामणी सुदर्शांनी. "कारभारी, गेल्या वर्षी शेजारच्या शिंशपा गावातून तुम्ही लेकरे नेली होती. ती सणाला घरी आली नाहीत, असे कानावर आहे."

"इतकी रमली आहेत," दंडक हसला. "आयांची आठवणही काढत नाहीत!"

"चांगले आहे. मग आमच्या दोन आया बरोबर येतील. आठ दिवस राहतील, पाहतील, परततील. त्यानंतर लेकरे पाठवू."

दंडकाचे हसू मावळले. "श्रेष्ठींच्या घराची झडती घेणार? दान देणाऱ्याच्या?"

वप्प नावाचे वृद्ध सभेचे प्रमुख होते. ते कळवळून म्हणाले, "सुदर्शा, अरे आपली रीत विसरलास का? दात्याकडे डोळे वर करून पाहतात का कधी?"

"बाबा, रीत घेण्याची आहे," ग्रामणी म्हणाले. "श्रेष्ठींनी धान्य दिले तर मी डोळे मिटून घेईन. पण लेकरे आपण घेत नाही आहोत. देतो आहोत. देताना डोळे मिटायचे, असे आपल्या वाडवडिलांनी कधी सांगितले?"

सभेला हे पटले नाही. भुकेल्या माणसाला बारकावा पटत नाही. दंडक ग्रामणींना बाजूला घेऊन गेला आणि हळूच म्हणाला की, पेरणीसाठी बियाणे हवे असेल तर एक भरलेली गाडी थेट तुमच्या कोठारात उतरेल. ग्रामणींनी त्याला नमस्कार केला आणि सभेत परत येऊन हेच वाक्य मोठ्याने सांगितले. मग म्हणाले, "माझ्या कोठारात पुढच्या पेरणीचे भात आहे. ते आजपासून पोरांचे. माझ्या अंगणात पेज शिजेल. आयांनी पाळी लावून वाढावी, आणि प्रत्येक पोर कोणाच्या तरी नजरेसमोर जेवावे. गाड्यांना थोडे थांबू द्या."

सोणाच्या अंगाची लाही झाली. या माणसाची पोरे मोठी झालेली, याचे कोठार भरलेले. याला काय जाते संशय घ्यायला! ती भर सभेत ओरडली, "तुमची पेज किती दिवस पुरणार, ग्रामणी? मी जाते नगरीत. पोट भरलेली पोरं डोळ्यांनी बघून येते, आणि इथं येऊन तुमच्या तोंडावर सांगते!"

"जा बाई," ग्रामणी म्हणाले. "तू खोटी ठरू नयेस, अशी माझीही इच्छा आहे."

गावातली सुईण वासुला आजी तिच्यासोबत निघाली. "मी आणलेली पोरं कुठं चाललीत ते मलाही बघू दे," एवढेच ती म्हणाली. दोघींनी डोक्यावर चटयांच्या गुंडाळ्या घेतल्या. पौर्णिमेला श्रेष्ठीचे उपवन नगरजनांसाठी उघडे असे, तेव्हा चटया विकणाऱ्या बायकांना कोणी अडवणार नव्हते. वाटेत सोणा अखंड बोलत होती. तिथे झोपाळे असतील, दूध असेल, पाटलाच्या गालांवर मांस चढेल. वासुला आजी नुसती चालत होती. शेवटी सोणा चिडली. "आजी, काहीतरी बोल की!"

"तू बोलतेयस ना स्वतःची समजूत काढायला. मी मधे कशाला पडू?"

उपवन खरोखर सुंदर होते. झोपाळे होते, कमळांचे तळे होते. आंब्याच्या सावलीत मुलांची पंगत बसली होती, आणि पुढ्यात भाताच्या पत्रावळी होत्या. नगरातल्या बायका कौतुकाने पाहत होत्या. पोरे स्वच्छ न्हालेली होती, अंगावर धुवट वस्त्रे होती, आणि प्रत्येक जण घास घेतला की हात लगेच उपरण्याखाली नेत होता. सोणाला भडभडून आले. मनातल्या मनात तिने ग्रामणींना दहा शिव्या घातल्या. दिवसभराच्या धुळीने तिचा घसा कोरडा पडला होता. ती खोकली.

सबंध पंगत ताडकन उभी राहिली.

कोणी घास गिळला नाही, कोणी मान वळवून पाहिले नाही. अगदी टोकाला असलेली, पाटलाएवढीच एक मुलगी उभी राहताना हात पाठीमागे लपवत होती. सोणा तिच्याजवळ गेली आणि वाकून तिने ते हात पुढे घेतले. नखांत निळा रंग मुरला होता. चुन्याच्या पाण्याने बोटांची साले निघाली होती.

"बाळ, काय झालं गं हे?"

"मी काही सांडलं नाही," मुलगी घाईने म्हणाली. "आज काहीच सांडलं नाही मी."

उपवनाच्या मागच्या भिंतीपलीकडून कापड रंगवायची नीळ कुजत असल्याचा उग्र वास येत होता. आतापर्यंत तो कमळांच्या वासात लपला होता. सोणा किंचाळणार तोच वासुला आजीने तिचे मनगट करकचून दाबले. "इथं ओरडलीस तर आपण दोघी आत, आणि गावात सांगायला कोणी नाही," आजी कुजबुजली. सोणाने मुलीचे हात सोडले. ते सोडणे तिला प्रसूतीहून कठीण गेले. "मी येते परत," एवढेच ती म्हणाली. मुलीने हात पुन्हा उपरण्याखाली घेतले.

परतीच्या वाटेवर सोणाला एकच भीती होती: आपण पोचण्याआधी पोरांना घेऊन गाड्या निघाल्या तर? पेज पातळ झाली असेल, दंडक गोड बोलत असेल, आणि वप्पबाबांचे मन आधीच कललेले होते. वासुला आजी मागे पडली तेव्हा तिनेच ओरडून सांगितले, "माझी वाट बघू नकोस, पळ!" सोणा पळाली. पायांत काटे मोडले, ते काढायला ती थांबली नाही.

गावाच्या वेशीवर ती पोचली तेव्हा गाड्या जुंपलेल्या होत्या आणि त्यांत पोरे बसवली होती. पाटला पहिल्याच गाडीत होती. वाटेच्या मधोमध ग्रामणी उभे होते, पहिल्या जोडीच्या जुवाला दोन्ही हात लावून.

"बाजूला व्हा, ग्रामणी," दंडक गाडीवरून ओरडत होता. "बैल मुके असतात. त्यांना तुमचा मान कळायचा नाही!"

"म्हणून तर त्यांच्यापुढे उभा आहे," ग्रामणी म्हणाले. "ज्यांना कळतो, त्यांनी केव्हाच बाजूला सारले मला."

सोणा धापा टाकत गाडीपाशी आली. वप्पबाबांनी विचारले, "पाहिलीस पोरं? मारतात का त्यांना?"

"मारताना नाही पाहिलं."

"उपाशी ठेवतात?"

"समोर भात होता."

दंडक मोठ्याने हसला. वप्पबाबा चाचरत म्हणाले, "मग पोरी, पाहिलंस तरी काय?"

"मी खोकले, बाबा," सोणा म्हणाली. "मी नुसती खोकले, आणि जेवती पोरं उठून उभी राहिली." आणि मग त्या मुलीचे हात कसे होते ते तिने सांगितले.

वप्पबाबा अर्थ लावीत राहिले. आयांना अर्थ लावावा लागला नाही. त्या गाड्यांवर चढल्या. कोणी चाकावर पाय दिला, कोणी दांडीवर, आणि जिच्या हाताला जे पोर लागले ते तिने खाली घेतले, आपले की दुसरीचे हे न पाहता. दंडकाने आसूड उगारला, पण बैल हाकायला समोर मोकळी वाट उरली नव्हती.

ग्रामणींनी सोणाला पाणी दिले. आपण त्यांना काय काय म्हटले ते आठवून ती मान खाली घालू लागली, तेव्हा ते म्हणाले, "नंतर, बाई. ती तिकडची मुलं अजून तिथंच आहेत."

दोघे त्याच पावली राजाकडे गेले. राजपुरुषांनी उपवनामागची भिंत फोडली आणि निळीच्या हौदांतून शिंशपा गावाची मुले बाहेर काढली. श्रेष्ठीचे उपवन राजाने जप्त केले. टोकाला बसणाऱ्या त्या मुलीचे, नंदिकेचे, आईबाप दुष्काळात गेले होते. तिला सोणाने आपल्या घरी आणले. पाऊस आला तेव्हा ग्रामणींच्या कोठारात पेरायला दाणा नव्हता; त्यांचे शेत त्या हंगामात पडीक राहिले. त्यांच्या अंगणातली चूल मात्र पुढे चांगल्या वर्षांतही विझली नाही.

नंदिका बरेच दिवस बोलली नाही. सोणा तिच्याकडे पाही आणि धसका घेई. मग एका दुपारी भांड्याच्या तळाच्या खरवडीवरून तिचे आणि पाटलाचे जुंपले. पाटलाने तिचे केस ओढले, तिने पाटलाला चावा घेतला आणि असे भोकाड पसरले की अख्खे गाव अंगणात धावले. सोणा उंबऱ्यावर बसली. तिला हसू आवरेना, आणि रडूही.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षूंच्या सभेपुढे पूर्वजन्मीच्या गाठी उलगडल्या: "त्या वेळचा श्रीवर्धन म्हणजे संघाशी वैर धरणारा देवदत्त आणि दंडक त्याचा आजचा अनुयायी. सोणा म्हणजे विहाराच्या दारी अनाथांना पेज वाढणारी उपासिका. वासुला आजी म्हणजे इथे बसलेली वृद्ध भिक्षुणी. नळग्रामचा ग्रामणी मीच होतो. आणि डोळे मिटून बसलेली ती गावसभा म्हणजे, आयुष्मंतांनो, आजची ही सभा."

 मग शास्ते म्हणाले, "त्या जन्मी मी आचरला तो गुण अप्रमाद, म्हणजे गाफील न राहणे. दुसऱ्याच्या हाती लेकरू सोपवताना करुणेने डोळे उघडे ठेवणे, हे त्याचे रूप."